चाळिसांतली एक

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका चाळिसांत एक," आणि वृषाली दार उघडून बाहेर आली, तर बाकांवर आणखी एकोणचाळीस वृषाली बसलेल्या होत्या. सगळ्यांना पाचवा महिना, सगळ्यांचे पाय सुजलेले, सगळ्यांच्या अंगात तोच पोपटी कुर्ता. तिला जागा द्यायला त्या जरा सरकल्या.

सिस्टरने सगळ्यांचं रक्त काढलं. "बाळाचे कण आईच्या रक्तात उतरलेले असतात," ती म्हणाली. "पोटात सुई घालायची गरज नाही. एकीच्या बाळात दोष निघेल. बाकीच्यांनी काळजी करू नये."

दोनदा गर्भ पडल्यावर अडतिसाव्या वर्षी राहिलेलं हे मूल. जीव टांगणीला लागला होता. बाकावर सगळ्यांचे ओठ हलत होते, वृषालीचेही. मी नको देवा, मी नको. शेजारणीचं वाईट चिंतू नये हे तिला कळत होतं. पण शेजारीणही तीच, मग चिंतायचं तरी कुणाचं?

मग एकेकीचा रिपोर्ट चांगला येऊ लागला. जिचा येई तिला उमेश, म्हणजे वृषालीचा नवरा, रिक्षाने घरी सोडून पुढचीला न्यायला परत येई. घरी एवढ्या जणी निजणार कुठे, हे त्याने विचारलं नाही. पुरुषांना असले प्रश्न पडत नाहीत. जाणाऱ्यांपैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही. बाक रिकामे होत गेले तसा हॉलही आखडत गेला, आणि शेवटी उरलेल्या दोघींचे गुडघे एकमेकींना टेकले.

सिस्टरने रिपोर्ट वृषालीच्या हातात दिला. "तुमचं बाळ ठीक आहे."

वृषालीच्या जिवात जीव आला. ती आनंदाने रडलीच.

"चला, घोडं गंगेत न्हालं," उमेश म्हणाला. बिचारा दमला होता.

"आणि हिला कोण नेणार?"

"त्यांना थांबावं लागेल," सिस्टर म्हणाली. "एक राहायलाच हवी."

समोरचीने तक्रार केली नाही. तिने फक्त विचारलं, "तुझं हलतंय का गं?"

वृषालीने पोटावर हात ठेवला. आत सगळं शांत होतं. समोरचीने तोच हात उचलून स्वतःच्या पोटावर नेला. तिथे चांगली टणक लाथ बसली. सकाळी चहा पिताना वृषालीला बसली होती तीच.

उमेशने तिचा दुसरा हात धरून तिला रिक्षात बसवलं. रिक्षा निघाली. पुलावरून, मंडईतून, वळणावळणाने वृषालीचा हात मागे लांबत चालला. त्यावरून सायकली जात होत्या. तळवा अजून त्या पोटावरच होता. आतून पुन्हा लाथ बसली.

"ताई," रिक्षावाला म्हणाला, "हात आत घ्या."