पान सदुसष्ट

पूनमसिंग हिमालयाच्या अर्ध्या वाटेवर पोचला होता, तेवढ्यात कमलाकरनं घंटी वाजवली.

"दहा मिनिटं झाली, हवालदार. शिखर पुढच्या खेपेला."

"आता भर बर्फात सोडून देऊन राह्यले का मले?" पूनमसिंग कुरकुरला, पण खाली बसला. खोलीत हसू पिकलं. बोरडोह खाणीच्या फाटकावर काठी घेऊन उभा राहणाऱ्या या माणसानं जन्मात बर्फ पाहिला तो वणीच्या बाजारात, भुशात गुंडाळलेला. गिर्यारोहणाचं ते पुस्तक मात्र त्यानं तीनदा वाचलं होतं.

दर दुसऱ्या रविवारी चार वाजता कंपनीच्या वाचनालयात हे वाचक मंडळ भरे. कादंबऱ्या ज्यानंत्यानं घरी वाचाव्यात. इथं बोलायचं ते खऱ्या गोष्टींच्या पुस्तकांवर. प्रवास, इतिहास, शास्त्र, काहीही. फळ्यावर एक नियमही लिहिलेला होता: पुस्तकाबाहेर जायचं नाही. दोन वर्षांमागं, एकोणीसशे एकोणसाठ साली, एकजण सहकाराच्या पुस्तकावर बोलता बोलता खाणीतल्या मजुरीवर घसरला आणि खोलीला सहा महिने कुलूप लागलं. कुलूप निघालं त्या दिवशी मंडळाचा चिटणीस म्हणून कमलाकरनंच तो नियम खडूनं लिहिला. एरवी तो खाणीच्या हजेरी खिडकीत बसे. नोकरी सांभाळून पुस्तकं वाचणारा माणूस जेवढा धीट असतो, तेवढाच तो धीट होता.

अध्यक्षाच्या खुर्चीत मधुसूदनराव, म्हणजे खाणीचे दुय्यम मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. पदरमोड करून पुस्तकं आणायचा, मजुराशीही अहो-जाहो करायचा. अशा माणसांची भीती वाटत नाही, हीच त्यांच्याबाबतीतली मोठी अडचण.

शाळेतल्या इंदुताई सापांवरच्या पुस्तकाविषयी बोलल्या, आणि मग अय्यूब उठला. खाणीतले पंप तो सांभाळी. हात घासून धुतले होते, तरी नखांत ग्रीस होतंच.

"माह्यं पुस्तक खाणीतल्या पाण्याचं हाये," तो म्हणाला. "एका रिटायर इंजिनिअरनं लिहिलेलं. परमुलखातली खाण. जुन्या मालकानं खोदून सोडलेले बोगदे होते, त्यात वीस वर्षं पाणी भरत गेलं. नव्या मालकाची माणसं कोळसा काढत काढत त्या पाण्याकडंच निघाली. मधात फक्त एक भिंत. ते भी कोळशाची."

"मग?" इंदुताईंनी विचारलं.

"भिंत पहिले सांगते, बाई. लिहिलं हाये त्यानं. कोळशाले घाम सुटते. पाणी थंडगार येते, त्याले सडक्या अंड्याचा वास, अन् खाली तांबडी साय धरते. पंप रोज चार घंटे चालायचा तो दहा घंटे चालते. पंपवाल्याले समजते, पण पंपवाल्याले इचारते कोण?"

कमलाकरची घंटीवरची बोटं तशीच राहिली. बोरडोहचा पंप महिनाभर दहा-दहा तास चालत होता. पंपाचे तास त्याच्याच रजिस्टरात चढत. सात नंबरच्या बोगद्यातून वर येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना येणारा वासही त्याला खिडकीतून यायचा. अय्यूबनं याबद्दल अर्ज दिला होता. तो अर्ज परत आला आणि सोबत तोंडी निरोप आला, की माणसांत घबराट पसरवशील तर घरी बसशील. अय्यूबचा धाकटा भाऊ मन्सूर सात नंबरमध्येच कोळसा भरायचा. आता हे सगळं लेकी बोले सुने लागे चाललं होतं, आणि सून समोर अध्यक्षाच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होती.

"उपाय काय सांगितलाय लेखकानं?" मधुसूदनरावांनी शांतपणे विचारलं.

"काम थांबवा म्हणते. पुढं लांब भोकं पाडून पाहा, पाणी कुठं हाये ते. आठ दिवसाचं काम हाये, साहेब."

"आठ दिवस खाण बंद ठेवायची म्हणजे थोडं झालं का," मधुसूदनराव हसले. "लेखक रिटायर झालेला आहे, म्हणून लिहू शकतो. नकाशे असतात ना जुन्या कामांचे?"

तीन वर्षांपूर्वी दप्तर आवरताना जुन्या मालकाचा नकाशा कमलाकरच्याच हाती लागला होता. निम्मा वाळवीनं खाल्लेला. सात नंबरच्या पुढचा भाग नेमका गेला होता, आणि नव्या नकाशात तिथं कोणीतरी जुन्या बोगद्यांची रेघ अंदाजानं ओढली होती. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून तो गप्प बसला होता. फक्त एकदा, चहा पिताना, अय्यूबजवळ बोलून गेला होता.

"नकाशा होता, साहेब," अय्यूब म्हणाला. "पण वाळवीनं खाल्लेला. नव्या कागदावर अंदाजानं रेघ मारली कोणीतरी. असंच पुस्तकात लिहिलं हाये."

पुस्तकात तसं काही नव्हतं. मंडळात येणारं प्रत्येक पुस्तक कमलाकर आधी वाचायचा. हेही त्यानं वाचलं होतं.

मधुसूदनरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे पुस्तकातलं आहे? का पुस्तकाबाहेरचं? कमलाकर, तुम्ही वाचलंय. आहे असं त्यात?"

सगळे कमलाकरकडं बघू लागले. अय्यूब मात्र बघेना. खाली मान घालून तो पुस्तकाच्या तपकिरी वेष्टणावरून अंगठा फिरवत राहिला.

"आहे, साहेब," कमलाकर म्हणाला.

"कितव्या पानावर?"

"सदुसष्ट." तोंडाला आला तो आकडा त्यानं सांगितला.

"मग मी घेऊन जातो एका दिवसासाठी," मधुसूदनराव म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. मंडळ उठलं. भाषण फार रंगलं, असं इंदुताई जाताना दोनदा म्हणाल्या. पूनमसिंगला तर ते हिमालयापेक्षाही आवडलं होतं.

त्या रात्री कमलाकर जेवला नाही. बायकोनं, शीलानं, काहून म्हणून विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाही. सदुसष्टाव्या पानावर वाळवी नाही हे साहेबांना दिवा लावताच कळणार होतं. मग दोघांची नोकरी जाणार. गेली तर गेली, असं त्यानं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पण ते काही पटेना.

सोमवारी सकाळी पहिल्या पाळीची माणसं खिडकीपुढं रांगेत उभी होती. हजेरी लावायची, पितळी बिल्ला द्यायचा, मग माणूस खाली जाणार, अशी रीत. अजून एकही बिल्ला दिला नव्हता, तोच साहेबांचा शिपाई पुस्तक घेऊन आला. आत चिठ्ठी होती. कमलाकरनं आधी सदुसष्टावं पान उघडलं. पंपाला तेल कधी द्यावं, एवढंच तिथं होतं, आणि समासात पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह. म्हणजे साहेबांनी पान पाहिलं होतं. पुस्तकात नाही ते कुठल्या खाणीतलं, हेही त्यांना कळलं होतं.

मग त्यानं चिठ्ठी उघडली. साहेबांचं सुरेख अक्षर होतं.

'माझा भाचा दिवाकर सात नंबरमध्ये काम शिकत आहे. त्यास आजपासून खाली न पाठवता वर वजनकाट्यावर घ्यावे. बाकीची यादी आहे तशीच ठेवावी.'

नोकरीबद्दल एक अक्षर नव्हतं. कमलाकरला हायसं वाटलं; आणि तसं वाटल्याचं कळताच त्याला स्वतःची किळस आली.

खिडकीशी पहिला मन्सूर होता. डबा काखेत मारून त्यानं हात पुढं केला. त्याच्यामागून अय्यूब धापा टाकत आला. रात्रपाळी करून तो नुकताच वर आला होता, गुडघ्यापर्यंत ओला.

"बाबूजी, साहेबानं वाचलं?"

"वाचलं."

"सदुसष्ट पान पाह्यलं?"

"पाहिलं. त्यांना सगळं समजलं, अय्यूब."

अय्यूबचा चेहरा एकदम सैल पडला. डोळे भरून आले. त्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. "मंग झालं, या अल्ला! पढालिखा माणूस हाये, मी म्हणत नव्हतो का? आता भोकं पाडतीन, बंदोबस्त करतीन. जाय मन्सूर, बेफिकीर जाय."

मन्सूर हसला. हात त्यानं आणखी पुढं केला. मागची माणसं ढकलू लागली, कोणीतरी ओरडलं, "बिल्ले द्या ना, बाबूजी, टाइम होऊन राह्यला."

कमलाकरनं बिल्ल्यांची पेटी बंद केली. समोरची चिठ्ठी उचलली, उलटी फिरवली आणि खिडकीच्या गजांतून अय्यूबपुढं धरली. अय्यूबनं ती घेतली. ओठ हलवत एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

"मोठ्यानं वाच," कमलाकर म्हणाला. "मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."