नेलिदाची तीन काळी बोटं

"निघाला! रोग बाहेर निघाला!"

ताडाच्या पानांनी शाकारलेल्या त्या गोल मंडपात एकच गलका झाला. तीस-पस्तीस माणसं गुडघ्यांवर बसली होती. लिमाहून आलेली एक जाडजूड बाई पोटावरचं पानाचं वेष्टण सोडवून ओक्साबोक्शी रडत होती. तिच्या बेंबीच्या बाजूला तळहाताएवढा डाग पडला होता, काळाकुट्ट, निळसर झाक असलेला. काल संध्याकाळी तिथं नुसतं पाण्यासारखं काहीतरी लावलं होतं. ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"रडू नकोस, लेकी," तिथला वैदू, मायेस्त्रो अबेलार्दो म्हणाला. अंगात पांढरा झगा, गळ्यात बियांच्या माळा, आवाज मधात बुडवलेला. "तुझं यकृत सडलं होतं. अरण्यमातेनं ते कातडीवर ओढून आणलं. पंधरा दिवसांत डाग फिका पडेल, विसाव्या दिवशी नाहीसा होईल. डाग गेला की रोग गेला. पण या काळात डॉक्टरची एक गोळीही पोटात गेली, तर रोग मागं फिरेल. मग माझ्याकडं येऊ नकोस."

मागच्या खांबाला टेकून उभी असलेली नेलिदा हसली. ती आरेकिपाच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. बाटलीतलं पाणी लाल करून दाखवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. नवऱ्याच्या कानाशी लागून ती म्हणाली, "काय नाटक आहे बघ! लॉजवाल्यांनी पर्यटकांसाठी ठेवलंय वाटतं."

फाउस्तिनो हसला नाही.

मायेस्त्रोनं हातातल्या कागदावरून नाव वाचलं, "आरेकिपाचा फाउस्तिनो. मानेतली गाठ." आणि नेलिदाचा नवरा मान खाली घालून दुपारची पाळी लावून घ्यायला पुढं गेला.

नेलिदाला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं एकच हट्ट धरला होता, मरायच्या आधी एकदा अरण्य बघायचं. घराभोवती वाळवंट आणि ज्वालामुखी. हिरवं म्हणून काय ते नदीकाठचे मळे. गेल्या महिन्यात फाउस्तिनोच्या मानेतल्या गाठीची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, गाठ वाईट आहे, पण वेळेत आहे. शस्त्रक्रिया करू, बरे व्हाल. तारीख ठरली. आणि मग फाउस्तिनो एके दिवशी विमानाची तिकिटं घेऊनच आला. "ऑपरेशनच्या आधी तुझं अरण्य बघून येऊ, नेली." ती रडली होती तेव्हा, आनंदानं. इकितोसला उतरून, पुढं नाउता आणि मग होडीनं चार तास नदीवरून येताना तिनं हर्षानं पोपटांचे थवे मोजले होते. काल सांजच्याला इथं उतरली, तेव्हाही तिला हे लॉजच वाटलं होतं.

"तू मला फसवून आणलंस," झोपडीत आल्यावर ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"तुला खांद्यावर टाकून डॉक्टरकडं नेलं असतं!"

"तेच." फाउस्तिनो वेल्डर होता. हातावर ठिणग्यांचे जुने डाग होते, आगीला भ्यायचा नाही. "नेली, माझा भाऊ चालत गेला होता ऑपरेशनच्या टेबलापर्यंत. माझ्याशी चेष्टामस्करी करत. परत आला तो चादरीत. मला नाही जायचं तिथं. इथं कापाकापी नाही. मायेस्त्रो म्हणतात, सुरी लागली की रोग अंगभर उधळतो."

"मायेस्त्रो म्हणतात! त्याची शाळा किती झाली, विचारलंस?"

दुपारी मंडपात फाउस्तिनो आडवा झाला. मायेस्त्रोनं करवंटीतलं पाणी पोपटाच्या लांब पिसानं त्याच्या मानेवर, गाठीवर, नीट गोल फिरवून लावलं. "पिसात पाखराचा आत्मा असतो," तो म्हणाला. "रोग कुठं लपलाय ते त्यालाच दिसतं." वर पान बांधलं. नेलिदा दात-ओठ खात बघत राहिली. झोपडीत परतल्यावर तिच्यानं राहवलं नाही. पान उचकटून तिनं तीन बोटांनी त्या ओल्या जागेवर पुसलं आणि हुंगलं. "पाणी आहे रे हे! थोडं आंबूस. पाण्यापायी मरणार आहेस!"

"हात नको लावूस!" तो ओरडला आणि पान पुन्हा बांधून पाठ करून निजला.

सकाळी पान सोडलं. मानेवर काळाभोर डाग होता. फाउस्तिनोचे डोळे भरून आले. "बघ! आता तरी बघ, नेली!"

तिनं बघितलं ते स्वतःच्या हाताकडं. उजव्या हाताची तीन बोटं पेरांपर्यंत काळी पडली होती. साबणानं घासली, वाळूनं घासली, काळी ती काळीच.

"फाउस्तिनो," ती हळूच म्हणाली, "माझ्या बोटांना कुठला रोग झालाय?"

त्यानं तिची बोटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "माझ्याच गाठीचा असेल. तू हात लावलास, म्हणून तुझ्या हाताला आला."

नेलिदाला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याऐवजी ती गरम पाणी मागायला स्वयंपाकघराकडं गेली.

तिथं दोन्या मेलिता, म्हणजे मेलिताबाई, केळी भाजत होती. पलीकडच्या वाडीतली, साठीची, दोन वर्षांपासून इथं रांधायला होती. तिनं नेलिदाची बोटं पाहिली आणि हातानं तोंड झाकून खिदळली.

"अगं बाई, हुइतोत हात घातलास होय? आता बस पंधरा दिवस. कातडी झडेल तेव्हाच जायचा तो रंग."

"हुइतो म्हणजे?"

मेलितानं कोपऱ्यातल्या टोपलीतून लिंबापेक्षा मोठं, मातकट हिरवं फळ काढलं. "हे कच्चं फळ किसायचं, पिळायचं. रस पाण्यासारखा. लावला की काही दिसत नाही, एका रात्रीत काळा होतो. माझे केस काय देवानं काळे ठेवलेत? आमच्यात सणाला पोरंसोरं अंगावर नक्षी काढतात यानं."

नेलिदा चुलीपुढच्या ओंडक्यावर बसली. रस कातडीत मुरतो, तिथल्या प्रथिनांशी त्याचा संयोग होतो, रंग तयार होतो. कातडीचा वरचा थर पंधरा-वीस दिवसांत झडून नवा येतो, तसा रंगही जातो. एवढंच. बेंबीजवळ लावा, मानेला लावा, धडधाकट पैलवानाच्या पाठीला लावा, डाग पडणारच. आणि पीस कशाला, तेही तिच्या ध्यानात आलं. बोटानं लावलं तर लबाडाचीच बोटं काळी व्हायची!

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही गप्प?"

मेलिताचं हसू मावळलं. "मंडपात तो मोठा फोटो लावलाय ना, हसणाऱ्या बाईचा? 'पूर्ण बरी झाली' म्हणून? चार महिन्यांनी परत आली होती ती. छातीतली गाठ फुटली होती तिची. यांनी धक्क्यावरूनच हाकलली. म्हणे, तुझा विश्वास कमी पडला. मी तिला होडीत पाणी पाजलं. वास येत होता जखमेचा. पुढच्याच आठवड्यात गेली बिचारी." ती चुलीकडं बघत राहिली. "गप्प राहिले, बाई. घरात सहा तोंडं आहेत. पण त्या दिवसापासनं मला इथलं अन्न गोड लागत नाही."

"मग आज मला चार फळं किसून द्या," नेलिदा म्हणाली.

दुपारी ती मंडपात गेली ती डोळे पुसतच. दोन्ही तळवे ओले होते, पण त्या दमट हवेत कोणाचे नव्हते? "मायेस्त्रो, मी पापी," ती म्हणाली. "मी तुमच्यावर हसले. नवऱ्याच्या मानेवरचा डाग पाहिला, त्याला लागलेल्या माझ्या बोटांवरही रोग चढलेला पाहिला, आणि डोळे उघडले." आणि तिनं त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, गालांवर बोटं घट्ट दाबून, एखाद्या आईनं धरावा तसा. सगळे गहिवरले. मायेस्त्रोही खूश झाला. शिकलेली शिक्षिका पायाशी आली की धंद्याला बरं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं येऊन बसली, पण मायेस्त्रोचा पत्ता नाही. त्याचा मदतनीस सांगत होता, "मायेस्त्रो अरण्यमातेशी बोलतायत." तासाभरानं मायेस्त्रो आला तो नाकापर्यंत फडकं गुंडाळून. "आज आत्म्यांनी मुखदर्शनाला मनाई केलीय," तो फडक्यातून पुटपुटला.

पहिल्या रांगेत वेन्सेस्लाओ नावाचा म्हातारा खाणकामगार बसला होता. डोंगरातल्या खाणीत तीस वर्षं राबलेला भाबडा माणूस. त्यानं परवाच आपल्या इन्सुलिनच्या कुप्या नदीत सोडल्या होत्या. तो काळजीनं उठला. "बरं नाही का मायेस्त्रो तुम्हाला? दात दुखतोय?" आणि त्यानं मायेनं ते फडकं खाली ओढलं.

दोन्ही गालांवर पाच-पाच बोटं उमटली होती, काळीकुट्ट.

नेलिदा उठली. तिनं आपले दोन्ही काळे तळवे वर धरले. "ही माझी बोटं. काल मी यांच्या गालांना हुइतोचा रस लावला. यांना कुठला रोग आहे, यांनाच विचारा!"

पण लबाड काय असा हार मानतो! अबेलार्दोनं आभाळाकडं हात पसरले. "लेकरांनो, तुमचे सगळ्यांचे रोग मी माझ्या अंगावर घेतले!"

"धन्य! धन्य!" लिमाची बाई किंचाळली, आणि निम्मा मंडप हुंदके द्यायला लागला.

नेलिदानं पुन्हा तळवे उंचावले, पण कोणी बघेना. तेवढ्यात मागून किसणीचा खरखर आवाज आला. दोन्या मेलिता मंडपाच्या मधोमध फतकल मारून बसली होती आणि फळ किसत होती.

"भूतंखेतं राहू द्या," ती म्हणाली. "ज्यांना काही झालेलं नाही त्यांनी हात पुढं करा, हा रस लावते. होडीवाल्या, तू ये. मदतनीस, तूही ये, परवा तर म्हणत होतास बैलासारखा ठणठणीत आहे. दुपारपर्यंत बसा इथं. मीही बसते. मायेस्त्रोंनीही बसावं."

मायेस्त्रो बसला नाही. प्रार्थनेसाठी जातो म्हणून तो मागच्या वाटेनं गेला, आणि थोड्याच वेळात नदीवर मोटारहोडीचा आवाज आला. मदतनीसही तिच्यातच होता. दुपारी होडीवाल्याच्या दंडावर आणि मेलिताच्या मनगटावर निळसर रेघ दिसू लागली, संध्याकाळपर्यंत गडद झाली. माणसं एकमेकांकडं बघेनात. लिमाची बाई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, "तुम्हीच त्यांना घालवलंत. आता माझं कोण?"

वेन्सेस्लाओला मिळेल त्या होडीनं नाउताच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर हाती लागला नसता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. मेलितानंही अंगठा दिला आणि नोकरी गेली म्हणून बहिणीच्या घरी राहायला गेली.

परतीच्या होडीत फाउस्तिनो मानेवरचा डाग चाचपत बसला होता. नदीत गुलाबी डॉल्फिनची पाठ वर आली आणि गेली. शेवटी तो म्हणाला, "नेली, पण भीती तर अजून आहेच गं."

"असू दे ना," ती म्हणाली. "तुला कोण म्हणतंय भिऊ नको म्हणून? मलाही वाटते. मला राग आला तो त्या भीतीवर दुकान मांडणाऱ्याचा. आणि तू मला सांगितलं नाहीस याचा."

नऊ दिवसांनी आरेकिपात शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्जननं विचारलं, "मानेवर हा कसला डाग?" डाग निम्मा फिका पडला होता, गाठ होती तेवढीच होती. फाउस्तिनो म्हणाला, "रंग आहे, डॉक्टर. मूर्खपणाचा." गाठ निघाली, आणि तो बरा आहे.

वाचकहो, हुइतोचं फळ खोटं नाही. पाण्यासारखा रस कातडीवर काळा होतो, ही खरीच नवलाची गोष्ट आहे, आणि त्या अरण्यातल्या माणसांनी ती कधीच लपवून ठेवली नाही. लपवली ती त्या झग्यातल्या भामट्यानं, आणि तिच्या आड फोटोतल्या बाईचा जीव घेतला. असे झगे प्रत्येक मुलखात आहेत, फळ तेवढं वेगळं. म्हणून कोणी चमत्कार दाखवला की आधी विचारा, हाच प्रयोग निरोगी माणसावर केला तर काय होईल? जो हा प्रश्न विचारू देत नाही, आणि जो म्हणतो औषध टाकून दे, त्याच्या दारातून त्याच पावली मागं फिरा. डॉक्टरची भीती वाटते? वाटू द्या. घाबरत घाबरत जा, कोणाचा तरी हात धरून जा. पण जा.