जॅकवरची गाडी, टेकूवरची होरी

"गाडीखाली मानूस गेला का त्याला येकटा ठेवाचा नाय, बाय. भायेर बसून बोलत ऱ्हायाचा. मधी मधी हाक मारायाची. उत्तर आला नाय का पाय धरून ओढायाचा, मंग इचारायाचा काय झाला तं."

वेसाव्याहून तिचा बाबा, हरेश्वर, फोनवर हे सांगत होता तेव्हा रुचिकाने फोन मान आणि खांद्याच्या मधे धरला होता आणि दोन्ही हातांनी ती लेकीच्या, प्रांजलच्या दुधाच्या बाटलीचं बूच घासत होती. "हो बाबा," ती म्हणाली. मग जरा हसून, "अरे, ती गाडी आहे, होडी नाही. आणि जॅकवर लिहिलंय, दोन टन."

"लिव्हलाय तं लिव्हलाय," बाबा म्हणाला. "कागदावर आमची होरी पन बुडत नाय."

तिने बाटली उलटी करून ठेवली आणि विषय बदलला.

खरं म्हणजे रुचिका कुठलीही भीती सहज सोडून देणाऱ्यांतली नव्हती. प्रांजल अडीच वर्षांची झाली तरी द्राक्ष चार तुकडे केल्याशिवाय तिच्या तोंडाशी जात नव्हतं. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना फोम चिकटवलेला होता. गॅस बंद केला का हे बघायला ती लिफ्टपासून परत यायची, आणि नवरा, निमेश, वांद्र्याच्या ऑफिसात पोचला की नाही हे विचारायला रोज फोन करायची, मग जेवलास का म्हणून दुसरा, निघालास का म्हणून तिसरा. एवढं सगळं उराशी धरून बसणाऱ्या बाईने नेमकी हीच एक गोष्ट हातातून सोडली. बाबाची होती म्हणून असेल. बाबाच्या गोष्टी तिने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाच वेसाव्याच्या किनाऱ्यावर ठेवून दिल्या होत्या, उन्हात सुकायला घातलेल्या बोंबलांशेजारी.

गाडी सोळा वर्षांची. राखाडी, छोटी, एका दाराचा रंग बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळा. घरात तिचं नाव म्हातारी. बोनेट दाबून सोडलं की चांगली गाडी एकदा उसळते आणि थांबते. म्हातारी तीन-चार वेळा डोलायची, भरतीच्या पाण्यावर नांगरलेल्या होडीसारखी. चारही शॉकअप गेले होते. स्पीडब्रेकरवरून उतरली की मागच्या उजव्या बाजूने टक् टक् असा आवाज यायचा, कुणी आतून दार वाजवतंय असा. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, हिच्यात जीव ओतू नका, भंगारात द्या." निमेशला ते लागलं. दिवसभर ऑफिसात स्क्रीनसमोर बसणारा माणूस तो, संध्याकाळी दाखवायला हातात काहीच नसायचं. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितले, नवे शॉकअप मागवले, बुश मागवले, जॅक आणि लांब दांड्याचा पाना आणला आणि जाहीर केलं की दोन रविवारात म्हातारी पळायला लागेल.

रुचिकाने मनातली एक गोष्ट त्याला सांगितली नव्हती. सुट्टीच्या दुपारी प्रांजल झोपत नसली की ती तिला घेऊन मागच्या सीटवर बसायची, पाऊस असो नसो, आणि सोसायटीच्या आत एक फेरी मारायला निमेशला लावायची. त्या डोलण्यात पोर कशी अलगद मिटायची. कधीकधी आईसुद्धा. गाडी नीट झाली की हे डोलणं जाणार, हे तिला कळत होतं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटत होतं.

पहिल्या रविवारी पुढची दोन्ही चाकं झाली. निमेश काळ्याकुट्ट हातांनी वर आला आणि आंघोळीआधी अर्धा तास नुसता गॅलरीत उभा राहून खाली बघत राहिला, शाळेतल्या प्रदर्शनात आपलं मॉडेल ठेवलेल्या पोरासारखा. रुचिका त्या दिवशी खिडकीतून सात वेळा डोकावली होती. तो म्हणाला, "रुचि, खरं सांगू? तू दिवसातून दहा वेळा मला शोधतेस. पोचलास का, खाल्लंस का, भिजलास का. निदान गाडीखाली तरी मला हरवू दे ना यार."

तो हसत म्हणाला होता. पण ते तिच्या मनात राहिलं. आपण अशा नव्हतो, तिला वाटलं. प्रांजल झाली आणि जगातल्या प्रत्येक वस्तूला धार आली. तिने ठरवलं, पुढच्या रविवारी आपण एकदाही विचारायचं नाही. एकदाही.

तो रविवार जुलैतला होता. आठ दिवस पाऊस लागून राहिला होता आणि त्या दुपारी नुसतं मळभ होतं, कुठूनच न येणारा आणि कुठेच न जाणारा पांढुरका उजेड. बोरिवलीच्या त्यांच्या इमारतीत गाड्या खांबांमधे, घरांच्या खाली उभ्या राहतात. म्हातारीची जागा सगळ्यात कडेची, अर्धी छताखाली आणि अर्धी बाहेर, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या फरशीवर. वरच पहिल्या मजल्यावर त्यांची बेडरूम. मागचं डावं सकाळीच झालं होतं. आता निमेशने जॅक लावून मागचं उजवं चाक काढलं, कडेला अर्धवट गाडीखाली आडवं ठेवलं आणि त्याच्यावर पाने मांडले, ताटात वाढल्यासारखे. मग तो पाठीवर सरकत आत गेला. बाहेर फक्त गुडघ्यापासूनचे पाय.

वर रुचिका प्रांजलला थोपटत होती. खालून हातोडीचा आवाज येत होता. गंजलेला बोल्ट सुटत नव्हता बहुतेक. टक् टक्. थांबून पुन्हा टक् टक्. पंखा फिरत होता. पडदा आत यायचा आणि बाहेर जायचा. प्रांजलचा श्वास लांब झाला आणि थोड्या वेळाने तिच्या आईचाही.

आणि मग ती वेसाव्याला होती.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू लावून. ती पाच-सहा वर्षांची होती आणि होडीच्या सावलीत गोणपाटावर पडली होती. वर होडीचं पोट, कुठल्यातरी मोठ्या माशासारखं, आणि त्याच्याखाली कुठेतरी खोल बाबा, जुना रंग खरवडत, फळ्यांच्या फटी भरत. बाहेर आई बसलेली, मथुरा, जाळ्याच्या दोऱ्या सोडवत. आई बोलत होती. कुणाच्या सुनेला काय झालं, कुणी पापलेट कुणाला विकलं, देवीच्या पालखीत कोण कुणाशी भांडलं, गोष्ट संपायचीच नाही. बाबाला त्यातलं काही ऐकायचं नसायचं. ऐकण्यासाठी ते नव्हतंच. मधेच आई बोलणं न तोडता त्याच चालीत विचारायची, "हाईस का?" आणि होडीच्या पोटातून हातोडी दोनदा वाजायची. टक् टक्. आई पुढे बोलायला लागायची. लहानपणी रुचिकाला वाटायचं, होडीच उत्तर देते.

स्वप्नात आईचे हात चालत होते. दोऱ्या ओल्या होत्या, हिरव्या. "हाईस का?" टक् टक्. समुद्र दूर होता आणि दुधासारखा होता. आई सांगत होती की तुझ्या मुलीचे केस माझ्यासारखे आहेत, आणि रुचिकाला स्वप्नातही माहीत होतं की आईने प्रांजलला पाहिलेलं नाही, पण ते सांगायला नको वाटलं. "हाईस का?" आई म्हणाली.

काहीच वाजलं नाही.

आईने हात थांबवले. बोलणंही थांबवलं. वळून तिने थेट रुचिकाकडे बघितलं.

रुचिकाचे डोळे उघडले. पंखा तसाच. पडदा तसाच. खाली शांत होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, तो व्हिडिओ बघत असेल, पाणी पीत असेल. एकदाही विचारायचं नाही असं ठरलं होतं. ती खिडकीशी गेली आणि तिने हाक मारली, "निमेश, आहेस ना?"

पाय दिसत होते. एक चप्पल निघालेली. पाय हलले नाहीत.

जिना ती कशी उतरली हे तिला नंतर आठवलं नाही, एवढंच की प्रांजल काखेत होती, झोपलेली, आणि जिन्याच्या कठड्यावर कुणाची तरी छत्री ठिबकत होती. खाली फरशीचे दोन ठोकळे खचले होते. आठ दिवसांच्या पावसाने त्यांच्याखालची वाळू वाहून नेली होती, आणि दोन टनांचा जॅक निमूटपणे त्या खड्ड्यात कलला होता. गाडी बसली होती. पूर्ण नाही. पाने मांडलेल्या त्या चाकावर तिचा कोपरा अडला होता, आणि त्या आडव्या चाकाच्या जाडीएवढ्या फटीत निमेश होता. तोंड उघडं, डोळे उघडे. छातीत ओरडण्याएवढी हवा मावत नव्हती.

"सहदेव," ती ओरडली. तिचा आवाज तिला बाजारातल्या आईसारखा वाटला.

वॉचमन सहदेव गेटवरून धावत आला, त्याच्यामागे पार्सल द्यायला आलेला एक माणूस, खोकं हातात धरूनच. सहदेवने एकदा वाकून बघितलं. "वैनी, चेडू खाली ठेवा. आमी उचलतो, तुमी ओढा." रुचिकाने झोपलेल्या पोरीला खांबाशी ठेवलं. दोघांनी मागच्या बंपरखाली हात घातले. म्हातारी कुरकुरली, डोलली, चार बोटं वर आली.

रुचिकाने निमेशचे दोन्ही घोटे धरले आणि ओढले. आधी ओढलं, मग विचारलं.

दोन बरगड्या आणि गळ्याखालचं हाड. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. बाकी काही नाही, असं ते म्हणाले, जसं काही ते कमी होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर निमेश आपल्या काळ्या बोटांकडे बघत होता. मग म्हणाला, "हातोडी हातात होती गं. पण मनगट हलत नव्हतं." थोड्या वेळाने, "फोन पायाशी पडला होता. मी त्याच्याकडे कान लावून होतो. म्हटलं, आज ही फोन का करत नाहीये."

 तिने त्याच्या नखातलं ग्रीस ओल्या कापसाने काढायला घेतलं.

बाबाला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. 

"हाक मारलीस नाय?" बाबाने विचारलं.

"नाही बाबा. झोपले होते मी. आईने मारली."

"हां," बाबा म्हणाला. त्याला त्यात नवल वाटलं नसावं.

मग तिला एकदम सुचलं. इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आई जाऊन चार वर्षं झाली. जुलै चालू आहे. होड्या वर आहेत. "बाबा, तुझ्या होडीशी कोण बसतं रे?"

"रेडिओ लावतंय ना."

"रेडिओ विचारतो का तुला, आहेस का म्हणून?"

"इचारतो ना. तासातासाला बातम्या सांगतो," बाबा म्हणाला आणि हसला. हसणं लवकर संपलं. "जिचा काम होता ती गेली, बाय. आता कोनाला बसवू?"

म्हातारीचं ते शेवटचं चाक सप्टेंबरात, निमेश बरा झाल्यावर होणार आहे. त्याने लोखंडाचे दोन पक्के स्टँड आणलेत आणि जॅकखाली घालायला बाबाने वेसाव्याहून होडीच्या टेकूची एक जाड फळी पाठवली आहे, जिला अजून मासळीचा वास येतो. रुचिकाने आपल्यासाठी बसायला मोडा बघून ठेवलाय. निमेश म्हणतो, काय बोलणार आहेस दोन तास? ती म्हणते, तुला काय करायचंय, तू फक्त वाजव. प्रांजलने तर आत्तापासून सुरुवात केली आहे. बाथरूमचं दार बंद दिसलं की ती बाहेर फतकल मारून बसते आणि विचारते, "हाईस का?" आणि निमेश आतून बादली दोनदा वाजवतो.

दुपारी दोघी मायलेकी वेसाव्याला फोन लावतात. बाबा फोन स्पीकरवर ठेवून होडीखाली जातो. प्रांजल त्याला शेजारच्या मांजराची गोष्ट सांगते, जी कुठेच जात नाही, मधेच विचारते, आणि पलीकडून लाकडावर टक् टक् येतं. तेव्हा रुचिकाला झोप येते, शांत, लहानपणीची.

पण सोमवारपासून तिची कांदिवलीच्या लॅबमधली नोकरी पुन्हा सुरू होतेय. पाऊस जोरात असला की तिकडे फोन लागत नाही. आणि बाबा फोन शेजारच्या मचव्यावर, त्या मोठ्या होडीवर ठेवतो आणि विसरतो. म्हणून तिचं एक मागणं आहे. सहदेवला सांगून झालं, लॅबमधल्या मुलींना सांगून झालं, आता तुम्ही. नारळी पुनवेच्या आधी कधी वेसाव्याच्या बाजूला गेलात, तर वर ओढलेल्या होड्यांमधे एक निळी होडी दिसेल, पिवळ्या पट्ट्याची, कडेवर मथुरा असं नाव. रेडिओ चालू असेल, त्याच्यावर जाऊ नका. आत वाकून बघायची गरज नाही, खाली चिखल असतो. नुसती बाहेरून हाक मारा. हाईस का? दोनदा वाजलं की तुम्ही तुमच्या वाटेला लागा. नाही वाजलं, तर पाय शोधा आणि आधी ओढा.