टेकडीमागला तुकडा वाट पाहतो

मी टेकडीमागला तुकडा बोलतोय. घरची माणसं मला याच नावाने ओळखतात. तुम्हाला पत्ता सापडणार नाही कदाचित, पण तांबड्या गाईला सोडा, ती डोळे मिटून माझ्यापर्यंत येईल.

मी चराईची जमीन आहे. तुम्हाला वाटेल, जनावरं येऊन खाऊन जातात म्हणजे गवताचं नुकसानच, ती लांब राहिलेलीच बरी. तसं नसतं हो. गवताला दात लागावे लागतात, मातीला खूर लागावे लागतात. कुणी आलंच नाही तर मी झुरतो. अगदी खरंच झुरतो. ते कसं, तेच सांगायचंय.

मला कुणी पेरलं नाही. ओढ्याने गाळ आणून टाकला, जनावरांच्या अंगाला चिकटून बी आलं, शेणात रुजलं. म्हणजे माझा जन्मच मुळी त्यांच्या पायगुणाने झाला.

घरचा म्हातारा भला माणूस. जनावरांवर पोटच्या पोरांसारखी माया. पण त्याची रीत एकच. सकाळी गोठ्याचं दार उघडायचं आणि म्हणायचं, “जा बयांनो, पोट भरा.” कुठे भरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आता पोरांपुढे गोड आणि कडू दोन्ही ठेवलं तर ती कशाला हात घालतील? मी ओढ्याजवळचा, माझं गवत कोवळं. सगळा कळप बारा महिने माझ्यावर. पातं बोटभर वर आलं की खुडलंच. वरच्या दगडाळ बाजूला कुणी फिरकतही नव्हतं.

वर पान नाही म्हटल्यावर खाली मुळांना कोण भरवणार? मुळं आखडली. वाऱ्याने माती नेली, पाण्याने नेली, माझ्या अंगावर टक्कल पडलं. एका वर्षी चारा पुरलाच नाही. अर्धा कळप दुसऱ्यांच्या दावणीला गेला आणि घरचा मुलगा कामासाठी लांब निघून गेला. जाताना माझ्यावर उभा राहून बायकोला म्हणाला, “इथे जनावरं टिकली तर मी परत येऊन टिकेन. नाहीतर तुम्हालाच तिकडे नेईन.”

तिच्या कडेवर पोर होती. पोरीला सगळे मुंगी म्हणायचे, कारण जिथे ठेवाल तिथून ती चालू लागायची. सून पोरीला घट्ट धरून उभी राहिली. ती बोलणारी कमी आणि भिणारी जास्त. मुंगीला शिंक आली तरी ही काढा उकळायला धावायची.

पण त्या भीतीनेच तिला कामाला लावलं. तिच्या माहेरी रान वाटून चारायची रीत होती.

“मामंजी, काट्याचं कुंपण घालून सगळ्या रानाचे चार तुकडे करू या. एकात चारायचं, तीन निवांत ठेवायचे.”

“गवत म्हणजे काय लोणचं आहे का, मुरवत ठेवायला?”

“मुरवायचं नाही, दम घेऊ द्यायचा. तुम्ही नाही का जेवून लवंडत?”

धारा काढायला बसलेली नणंद चरवी हातात धरून खो खो हसली. “बाबा, आता बोला!”

दोघींनी काटेरी फांद्या ओढून कुंपण घातलं. हात रक्ताळले. गवत मुठीएवढं उरलं की कळप हलवायचा, आणि ते पुरतं वाढल्याशिवाय परत आणायचा नाही, असं ठरलं. पहिल्यांदा मला कुणी एकटं सोडलं. मला वाटलं, आपल्याला टाकलं. मग मुळं हळूहळू खाली सरकली, टकलावर लव आली. आणि कळप परत आला तो माहेरी आलेल्या लेकीसारखा. चार दिवस राहिला, खाल्लंन् प्यायलं, शेणमूत टाकून गेला. तो गेल्यावर मला चुकल्यासारखं व्हायचं, पण त्या हुरहुरीतही गोडी होती. येणार हे माहीत होतं ना!

मग एक कोरडं वर्ष आलं. सुनेने ठरवलं, टेकडीमागला बंद ठेवायचा, अडीनडीला असू दे. शहाणपणाचंच होतं ते. पण पुढल्या वर्षी बेताचा का होईना पाऊस झाला, गवत वर आलं, तरी तिने मला उघडलं नाही. सगळा भार बाकीच्या तिघांवर. त्यांचं गवत मुठीखाली गेलं, बोटाखाली गेलं.

नणंद म्हणायची, “वहिनी, तिकडे ढोपरभर गवत उभं आहे आणि इथे या माती चाटतायत.”

“असू दे वन्सं. पुढचं वर्ष कसं उजाडतंय कुणी पाहिलंय? हे येतील तेव्हा कळप दिसायला हवा.”

इकडे माझं गवत पिकलं. बी झडलं, काड्या राखाडी पडल्या, एकमेकींवर आडव्या झाल्या. खाली नवा कोंब ऊन शोधता शोधता पिवळा पडत होता. लांबून पाहणाऱ्याला मी भरलेला दिसायचो. आतून गुदमरत होतो. टेकडीपलीकडून गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, वाऱ्यावर शेणाचा वास यायचा. वाटायचं, आज येतील. सून मात्र कुंपणाशी यायची, डोळे भरून पाहायची, समाधानाने मान हलवायची आणि माघारी फिरायची. कुणी आपल्याला इतकं जपावं आणि जवळ करू नये, याहून मोठा दुरावा कोणता?

शेवटी तांबडीनेच धीर केला. कुंपण मोडून घुसली. सून काठी उगारून धावली, मोठी झाली तरी कडेवरच असलेली मुंगी हिंदकळतेय. पण आत येऊन बघते तर काय, तांबडीचं पोट खपाटीला गेलेलं, गवत त्या पोटाला लागतंय, आणि ती खात नाही! हुंगलं, एक घास घेतला, चघळला, टाकून दिला.

सुनेची काठी खाली आली. मुंगीला जमिनीवर ठेवून तिने दोन्ही हातांनी माझं गवत बाजूला सारलं. खालचा पिवळा कोंब तिला दिसला.

मागून धापा टाकत आलेल्या नणंदेने विचारलं, “ही खात का नाही गं?”

“खाण्यासारखं राहिलंच नाही, वन्सं.” सून खालीच बसली. “डोळ्यांत तेल घालून जपलं हो मी.”

“जपलंस ना! आणि बाकीचे तीन तुकडे खरवडले गेले ते वेगळंच.”

“आता कळप कसा टिकायचा? हे परत आले की काय दाखवू?”

म्हातारा काठी टेकत आला. मला वाटलं, आता हा जुनं सगळं वसूल करणार. त्याने मूठभर काड्या उपटल्या, मोडून पाहिल्या आणि म्हणाला, “मी चारून चारून संपवलं, तू राखून राखून. फिटंफाट झाली, सूनबाई. रडू नकोस, मीठ आण.”

“मीठ?”

“मिठाचं पाणी शिंपडलं की वाळकंसुद्धा चाटून खातात. सगळा कळप आत घाल, दाटीवाटीने. खातील तेवढं खातील, बाकीचं तुडवतील. उन्हाला वाट तरी होईल.”

ते आले. काय सांगू तुम्हाला! इतक्या दिवसांनी अंगावर खूर पडले. काड्या कडाकडा मोडत होत्या आणि जखडलेल्याला कुणी सोडवावं तसं मला वाटत होतं. मुंगी गाईंच्या मागे पडत-धडपडत पळत होती. सून दोनदा तिला उचलायला उठली आणि दोनदा खाली बसली.

तरी सगळं गोड झालं असं नाही. त्या हंगामात दूध आटलं, एक वासरू दगावलं. सून कितीतरी दिवस त्याच्या दाव्याजवळ थांबायची. पण बाकीचा कळप तगला. खरवडलेल्या तिन्ही तुकड्यांना विसावा मिळाला. माझ्यावर तुडवलेल्या काड्यांच्या खालून हिरवं फुटलं.

आता तिचा ठरलेला क्रम असा राहिला नाही. रोज सकाळी चारही तुकड्यांत जाते, वाकून गवतात हात घालते. कुठे भरभर वाढलं तर कळप लवकर हलवते, कुठे वाढ खुंटली तर थांबते. म्हातारा विचारतो, “काय म्हणतंय रान?” ती सांगते, आणि दोघं मिळून ठरवतात.

तिचा नवरा अजून आलेला नाही. निरोप येतात. ती वाट पाहतेय, मीही पाहतोय. सध्या माझी विश्रांती चालू आहे, अंगावर कोवळी पाती आहेत, आणि हुरहूर आहेच.

बाई गं, तुझं मन मी ओळखतो. ज्याच्यावर जीव आहे ते मुठीत धरून ठेवावंसं वाटतं. पण मला नुसतं जपू नकोस. मला बघत जा, हात लावून बघत जा. माझी वेळ भरली की मी आपोआप तुला कळेन. मग लवकर नको, उशीर तर मुळीच नको.

आणि तुम्ही गं तांबडे, सगळ्याजणी, टेकडीच्या पलीकडेच आहात ना?