बुडबुड्यांचा ठोकळा

त्या दुपारी आईने बर्फात गोठवून फोटो काढायचं डेलियाचं फूल दोऱ्याने डब्याच्या तळाशी बांधलं, नाहीतर ते पाण्यावर तरंगतं. पाणी ओतणार तेवढ्यात मावशीचा फोन आला. फोन खांदा आणि गालाच्या मध्ये धरून तिने हाताला लागलं ते भांडं डब्यात रिकामं केलं. त्यात नळाचं पाणी होतं. उकळून गार केलेलं शेजारच्या पातेल्यात तसंच राहिलं.

मी दाखवलं, तर फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "आता राहू दे. उद्या दुसरं लावू."

नळाच्या पाण्याचा बर्फ झाला की आत हवा अडकते, बुडबुडे दिसतात, आणि आईचा बुडबुड्यांवर राग होता. तिला बर्फ काचेसारखा लागायचा. आयुष्यभर तिने रुग्णालयात एक्स-रे काढले. निवृत्तीनंतर हाडांऐवजी पाकळ्यांच्या शिरा बघायला लागली, एवढाच फरक, असं बाबा म्हणत. ठोकळ्यावर वाफ धरू नये म्हणून फोटो काढताना ती आम्हालाही पेशंटसारखं श्वास रोखायला लावायची, आणि सोडा म्हणायचं विसरायची. फ्रीझरमधून मटार केव्हाच हद्दपार झाले होते.

माझ्याकडे बॅटरी धरायचं काम. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मी चाळिशी ओलांडली तरी ती म्हणायची, "तुझा हात हलतो." बॅटरी धरल्या धरल्या मला तिच्याआधी फोटोची चौकट दिसायची. तरी मी बॅटरीच धरून राहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

माणसं येऊन गेली. फ्रीझर उघडायचा नाही, हे बाबांनी कुणालाही न सांगता ठरवून टाकलं. तिच्या हातचं शेवटचं तेवढंच होतं. बऱ्याच दिवसांनी मी दार उघडलं, तर ठोकळ्याच्या कडा झिजलेल्या, वर पांढरी भुकटी. बर्फ बंद फ्रीझरमध्येही हळूहळू उडून जातो. बाबांना मी तेच सांगितलं: ठेवला तरी तो जाणारच आहे, आज बाहेर काढला तर निदान बघून घेता येईल.

ते ओट्याला टेकले. मग म्हणाले, "तिने तर हा टाकूनच दिला असता."

"म्हणूनच याचा फोटो मी काढते."

ओला हात फिरवल्यावर भुकटी गेली. ठोकळा उभा केला. बॅटरी बाबांकडे दिली आणि मागून, जरा खालून धरायला सांगितली. लेन्स इतकी जवळ नेली की फूल फूल राहिलं नाही. पाकळ्यांच्या टोकांतून लांब, बारीक, चंदेरी बुडबुडे निघाले होते. एकेक सुईएवढा.

पहिले काही फोटो हलले. आईचं अगदीच खोटं नव्हतं. मग कोपरं टेबलावर रोवली आणि घाई सोडली. पाणी टेबलावरून बाबांच्या पायांवर ठिबकू लागलं, पण ते जागचे हलले नाहीत. एका पाकळीचं टोक बर्फाबाहेर आलं, त्याच्या जरासं आधी मला हवा तो फोटो मिळाला.

बाबांनी तो पडद्यावर पाहिला. चष्मा वर करून, मग खाली करून. कॅमेरा माझ्या हातात परत देताना त्यांनी मान डोलावली.

मी टेबल पुसायला घेतलं, आणि स्वयंपाकघरात ती असती तर नीट ऐकू गेलं असतं एवढ्या आवाजात मी म्हणाले, "आई, मला हे जमतं. तुझ्यापेक्षा चांगलं जमतं."