तिसरा दगड हलतो

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर दमलो आहे. दगडाला कसला आलाय थकवा, असं तुम्ही म्हणाल. रोज शे-दोनशे माणसं तुमच्या पाठीवरून जाऊ द्या, मग बोलू.

शहरातली बस जिथे शेवटची वळते, तिथून झाडांमधली पायवाट ओढ्याच्या काठाने निघते. चढ नाही, दम लागत नाही. लोक घरातल्या चपला घालून येतात, इतकी सोपी. अर्ध्या तासावर ती ओढा ओलांडते, आणि तिथे आम्ही सात दगड ओळीने बसलो आहोत. त्यातला मी तिसरा.

मूळचा मी वरच्या कड्याचा. पाण्याबरोबर घासत, आपटत खाली आलो. एका गवंड्याने आणि त्याच्या बायकोने पहारीने ढकलत मला ओळीत बसवलं. बायकोने माझ्यावर पाय देऊन पाहिला.

"अहो, हा डुलतोय."

"डुलू दे. नंतर बघू."

"तुमचं नंतर मला माहितेय. कपची घाला आत्ताच."

गवंड्याने हसत माझ्या बुडाशी बोटभर जाडीची दगडाची कपची ठोकली आणि मी पक्का झालो. ते माझे सुखाचे दिवस. सातांत मीच सपाट आणि ऐसपैस. मुलं माझ्यावर बसून पाण्यात पाय सोडत. "किती छान दगड आहे!" असं कुणी म्हटलं की मी फुगायचो, दिसत नसलं तरी.

मग एका वर्षी ओढ्याला मोठं पाणी आलं आणि कपची वाहून गेली. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ माझ्यावरून घसरले. त्यांनी मला शिव्या घातल्या, भिजलेले बूट झटकले आणि मागच्याला ओरडून सांगितलं, "तिसरा हलतो हं!" तेव्हापासून तो रिवाजच पडला. पुढे गेलेल्याने वळायचं आणि मागच्याला सांगायचं, ओळख असो वा नसो. मला ते आवडायचंही. पण अकरा वर्षांत एकही जण खाली वाकला नाही.

नाही म्हणायला, पालिकेचा एक कर्मचारी पाटी घेऊन काठावर आला. 'सावधान, तिसरा दगड हलतो.' पाटीचा खांब हलू नये म्हणून त्याने त्याच्या बुडाशी चार कपच्या ठोकल्या, हात झटकले आणि निघून गेला. मी काय बोलणार? आम्हाला तोंड नसतं.

दर रविवारी इथे एक नणंद-भावजय यायच्या. नणंदबाई निवृत्त परिचारिका, आवाज खणखणीत. त्या आधी पलीकडे जायच्या आणि वळून सांगायच्या, "वहिनी, तिसरा हलतो हं!"

"माहितेय हो वन्सं. दर रविवारी काय सांगायचं?" असं म्हणत वहिनी माझ्या कडेवर अलगद पाय ठेवायच्या.

अलीकडे मात्र वहिनी विसरू लागल्या होत्या. कुलूप लावलं का, हे वाटेत तीनदा विचारायच्या. एका रविवारी त्या चौथ्यांदा विचारत ओढ्यापाशी आल्या आणि नणंदबाईंचा संयम सुटला. "लावलं, लावलं, लावलं! किती वेळा सांगू?" त्या तरातरा पलीकडे गेल्या आणि वळल्याच नाहीत.

वहिनी दुसऱ्या दगडावर थांबल्या. कशाची तरी वाट पाहत होत्या, कशाची ते त्यांनाच आठवत नसावं. मग त्यांनी माझ्यावर पाऊल टाकलं, अगदी मधोमध. मी सगळं बळ लावलं, मित्रांनो. पण कपचीवाचून दगडाचं बळ ते किती?

वहिनी पाण्यात पडल्या. हात मोडला. नणंदबाई गुडघाभर पाण्यात धावत आल्या आणि रडायलाच लागल्या. "मी सांगितलं नाही हो वहिनी! तोंड शिवलं होतं माझं!"

"तुम्ही कशाला रडता वन्सं?" वहिनी कळ सोसत म्हणाल्या. "दगड हलतो, हे कुणाला माहीत असणार?"

ते ऐकून मलाही मोडल्यासारखं झालं.

आठवड्याने नणंदबाई एकट्या आल्या. काठावरून बसत-सरकत पाण्यात उतरल्या, गुडघ्यांना दोष देत वाकल्या आणि माझ्या बुडाशी हात घालून पोकळी चाचपली. मग पाटीच्या खांबाची एक कपची उपसली आणि दुसऱ्या दगडाने ठोकून माझ्याखाली बसवली. पाटी जरा कलली. मी मात्र अकरा वर्षांनी स्थिर झालो. सगळं काम पाच मिनिटांचं होतं.

दोन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. नणंदबाई पलीकडे गेल्या. वहिनी दुसऱ्या दगडावर येऊन थांबल्या. नणंदबाई वळल्या, आणि आपणच बसवलेल्या दगडाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "वहिनी, तिसरा हलतो हं!"

वहिनींचा चेहरा उजळला. "माहितेय हो वन्सं. दर रविवारी काय सांगायचं?"

त्यांनी माझ्या कडेवर अलगद पाय ठेवला. मी तसूभरही हललो नाही.

मित्रांनो, मागच्याला सांगत जा. सांगून कंटाळलात तरी सांगा. पण एकदा खाली वाकूनही बघा. पाटीपाशी अजून तीन कपच्या आहेत, आणि आता पाचवा हलू लागला आहे.