चाकाचा घेर

काटेवाल्याने गुडघे टेकून साडूच्या सायकलच्या पुढच्या टायरवर खडूने बारीक रेघ ओढली आणि तीच रेघ खाली अंगणातल्या फरशीवर उतरवली.

"आता बसा तुम्ही सायकलवर," तो म्हणाला. "माणूस बसला की टायर दबतो. रिकाम्या चाकाचं माप खरं नसतं."

"रोज मी लोकांना खुर्चीत बसवतो, आज तुम्ही मला बसवा," म्हणत साडू टांग टाकून बसला.

सगळे हसले. साडू काहीही बोलला तरी सगळे हसत. तो दातांचा डॉक्टर होता. अर्ध्या गावाने ज्याच्यापुढे कधी ना कधी तोंड वासलेलं, त्याच्या विनोदाला हसायला लोकांना वेगळं आमंत्रण लागत नाही. सासरे ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे डॉक्टरची बायको, दारात चहाचा ट्रे घेऊन थांबली होती आणि थोरली, म्हणजे काटेवाल्याची बायको, टेपचं टोक फरशीवरच्या रेघेवर अंगठ्याने दाबून उकिडवी बसली होती.

"सरळ पुढे या. एकच फेरा. हँडल हलवू नका."

चाक हळूहळू फिरलं. खडूची रेघ वर गेली, पुढून खाली आली आणि पुन्हा फरशीला टेकली. काटेवाल्याने तिथे दुसरी खूण केली आणि टेप ताणून धरला.

मोजमापाची ही टूम त्यानेच काढली होती, आणि साडूचं भलं व्हावं असा काही त्यामागे हेतू नव्हता. साडूचं आधीच काय कमी भलं झालं होतं? दुमजली घर, स्वतःचा दवाखाना, पहिला नंबर सोडायला तयार नसलेली दोन मुलं. सासरे म्हणत, मला दोन्ही जावई सारखे. पण डॉक्टर येणार असला की ओसरीवरच्या खुर्चीची गादी बदलली जाई. काटेवाला यायचा तेव्हा गादी जी असेल ती असे. बावीस वर्षं तो वजनकाटे दुरुस्त करत होता. भाजीवाल्यांचे, सोनारांचे, गिरणीवाल्यांचे काटे त्याच्या दुकानात येत आणि ग्रॅमला ग्रॅम जुळवून परत जात. त्याबद्दल सासुरवाडीत आजवर कुणी त्याला एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

मग आठ महिन्यांपूर्वी त्याने सायकल घेतली. पोट सुटलं होतं म्हणून घेतली, दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी पाच किलोमीटरमध्ये जीव नाकाशी आला. पण हँडलवर त्याने एक छोटा मीटर बसवला आणि त्या मीटरने त्याला पार वेडं केलं. फेरी संपली की मीटर सरासरी वेग दाखवी. ताशी सोळा. मग अठरा, मग एकवीस. रविवारी चहाला आला की तो आकडा सांगे. सासरे निवृत्त गणित शिक्षक, त्यांना आकड्यांची भारी हौस. "सोळाचे एकवीस म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वाढ झाली की हो," ते म्हणाले होते आणि चक्क खुर्ची त्याच्याकडे वळवून बसले होते. त्या दिवशी घरी जाताना काटेवाला शीळ घालत होता.

तीन महिन्यांनी डॉक्टरने सायकल घेतली.

घेऊ दे, काटेवाला मनाशी म्हणाला, चार दिवसांची हौस आहे. पण हौस काही उतरेना. दोघं गावाच्या दोन टोकांना राहत. डॉक्टर पहाटे धरणाच्या रस्त्याला जाई, काटेवाला दुकान बंद केल्यावर बायपासला, त्यामुळे रस्त्यात गाठ पडत नसे. गाठ पडे ती आकड्यांची, रविवारी, सासऱ्यांसमोर. डॉक्टरचे एकोणीस झाले, एकवीस झाले, तेवीस झाले. काटेवाला चोवीस पॉइंट सहावर आला आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. त्याने टायरमध्ये हवा ठासून भरली, संध्याकाळचा नाश्ता सोडला, कोपर मोडून हँडलवर ओणवा होऊन चालवायला लागला, मान धरली तरी सोडलं नाही. पंचवीस काही होईना. आणि परवाच्या रविवारी डॉक्टर सहज बिस्कीट बुडवत म्हणाला, "माझे चोवीस पॉइंट एक झाले हो, साडूभाऊ."

घर घे, गाडी घे, गादी घे बाबा, पण एवढं एक तरी ठेव ना माझ्यासाठी, असं काटेवाल्याला ओरडून सांगावंसं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मात्र त्याचं धंदेवाईक डोकं जागं झालं. पाच महिन्यांत इतकं? मीटर बिचारा काय करतो, चाकाचे फेरे मोजतो आणि चाकाचा घेर जेवढा सांगून ठेवलेला असेल त्याने गुणतो. घेर खऱ्यापेक्षा मोठा सांगितला की वेग फुगतो, लहान सांगितला की आक्रसतो. सायकलच्या दुकानातल्या पोराने डॉक्टरला खूश करायला घेर वाढवून ठेवला असणार. पक्कं. असले काटे त्याने उभ्या आयुष्यात हजार पाहिले होते. म्हणून आज त्याने चारचौघांत विषय काढला, "डॉक्टर, तुमचा मीटर एकदा तपासून देऊ का? आपला धंदाच आहे," आणि डॉक्टर लहान मुलासारखा खूश होऊन सायकल घेऊन आला होता.

टेपवर दोनशे चौदा सेंटीमीटर भरले. काटेवाल्याने मीटरचं बटण दाबून आत ठेवलेला घेर काढला. एकशे नव्व्याण्णव.

त्याने पुन्हा टेप पाहिला. पुन्हा मीटर पाहिला. बोटाने चष्मा वर केला. दुकानातल्या पोराने काहीच केलं नव्हतं. मीटर कारखान्यातून जसा आला तसाच हँडलवर चढवला होता, एखाद्या लहान चाकासाठी. डॉक्टरचा मीटर वेग चोरत होता खरा, पण डॉक्टरचाच. चोवीस पॉइंट एक म्हणजे खरे किती, हे मांडायला कागद लागला नाही. जवळजवळ सव्वीस. माणूस केव्हाच त्याला मागे टाकून पुढे निघून गेला होता आणि हे त्या माणसालाच माहीत नव्हतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"काय निघालं?" सासऱ्यांनी ओसरीवरून विचारलं.

बायको अंगठा टेपवर तसाच ठेवून त्याच्याकडे पाहत होती. तिच्या बाजूला शून्य होतं, आकडा त्याच्या बाजूला. बावीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाला खोटं माप सांगितलं नव्हतं. एका सोनाराने त्यासाठी चांगला गळ टाकून पाहिला होता, त्यालाही त्याने दुकानाच्या पायऱ्या उतरायला लावलं होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. टेप सर्रकन आत गेला. "केसाचा फरक नाही."

"तुम्ही म्हणालात म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाला. "मला वाटतच होतं, माझा मीटर जास्त दाखवत असेल. आता निर्धास्त झालो." मग चहाचा कप हातात घेऊन त्याने सहज पुस्ती जोडली, "पुढच्या रविवारी बरोबर जाऊ या की. तुमच्यासारखं चालवायला शिकतो जरा."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

आठवडाभर काटेवाला स्वतःची समजूत घालत राहिला. फसवलं कुणाला? खिशातून काय गेलं कुणाच्या? दुकानात एक गिरणीवाला काटा घेऊन आला, तो काटेवाल्याने दोनदा वजनं ठेवून तपासला, तरी तिसऱ्यांदा तपासला. गिरणीवाला म्हणाला, "आज फार वेळ लावला तुम्ही."

रविवारी सकाळी दोघं पुलापाशी भेटले आणि शेजारी शेजारी निघाले. रस्ता मोकळा होता. एक किलोमीटर गेला असेल नसेल, डॉक्टरने हँडलकडे बघून आवाज दिला.

"माझ्यावर तेवीस. तुमच्यावर किती?"

काटेवाल्याने खाली पाहिलं. चोवीस पॉइंट सात. त्याला दरदरून घाम फुटला, आणि तो काही सायकलचा नव्हता. हा साधा हिशोब आठवडाभरात त्याच्या डोक्यातच आला नव्हता. एकाच वेगाने चाललेल्या दोन सायकली, आणि दोन मीटरवर दोन आकडे. खरा आकडा सांगावा तर डॉक्टर म्हणणार, अहो, आपण बरोबरच चाललोय ना? त्यानंतर सगळं उघड व्हायला कितीसा वेळ?

"तेवीस," तो म्हणाला आणि डावा पंजा सरकवून त्याने मीटर झाकला.

"म्हणजे सारखेच की आपण," डॉक्टर खुशीत म्हणाला. "चला, चोवीस दाखवू."

डॉक्टर पुढे झाला. काटेवाला त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला. समोर एवढी रुंद पाठ असल्याने वारा लागत नव्हता, तरीही मांड्या पेटल्या. डॉक्टर मान वळवून आकडे सांगत होता आणि तो मागून तेच आकडे परत देत होता.

"चोवीस."

"चोवीस."

"चोवीस पॉइंट पाच. तुमचं?"

"तेवढंच," काटेवाला म्हणाला. पंज्याखाली सव्वीसच्या वर गेलं होतं. एवढ्या वेगाने तो जन्मात कधी गेला नव्हता आणि सांगायची चोरी झाली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चढाला त्याला वाटलं आता छाती फुटणार. तेव्हा डॉक्टरने स्वतःहून वेग उतरवला आणि बाजूला येऊन दवाखान्यातल्या नव्या खुर्चीबद्दल गप्पा मारायला लागला. त्याचा श्वास जेवल्यानंतर गप्पा मारणाऱ्या माणसासारखा होता.

सासऱ्यांच्या फाटकापाशी दोघं एकदमच उतरले. डॉक्टर मीटर बघत म्हणाला, "सरासरी तेवीस पॉइंट चार. आज बोलत आलो ना, म्हणून कमी." आणि सायकल आत घेऊन गेला.

काटेवाला फाटकाबाहेर थांबला. पंजा उचलला. सरासरी पंचवीस पॉइंट एक. आठ महिने ज्याच्यासाठी हाडाची काडं केली, तो आकडा काचेखाली स्वच्छ उभा होता. त्याने तो एकदा नीट पाहून घेतला. आतून चपलांचा आवाज आला तसं त्याने बटण दाबून धरलं आणि तिथे शून्य आलं.

ओसरीवर चहा झाला होता. खुर्चीवर नवी गादी होती.

"काय मग, सरासरी किती पडली?" सासऱ्यांनी विचारलं.

"दोघांची सारखी, नाना," डॉक्टर म्हणाला. "तेवीस पॉइंट चार."

सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी काटेवाल्याकडे पाहिलं. "आणि एवढा दम लागलाय तुम्हाला? तुम्ही तर दोन महिने चोवीस पॉइंट सहा सांगत होतात."

"वारा होता आज," डॉक्टरच घाईने म्हणाला.

"वारा दोघांना सारखाच," सासरे म्हणाले. जुन्या मास्तराला उदाहरण अर्धवट सोडवत नाही. "डॉक्टरांचा मीटर तर आपण सगळ्यांसमोर तपासला. म्हणजे जावईबापू, तुमचाच मीटर आजवर जास्त दाखवत असणार, आता कुठे तुम्ही तो जुळवून घेतलात. इतके दिवस तुम्ही आम्हाला फुगवलेले आकडे सांगत होतात म्हणायचे." ते हसले, चांगल्या मनानेच हसले. डॉक्टरची बायकोही हसली.

"नाही हं, नाना."

हे काटेवाल्याची बायको बोलली होती. लग्नाला वीस वर्षं झाली, माहेरी आली की ती नवऱ्याबद्दल चकार शब्द काढत नसे, ना बरा ना वाईट. आता ती हातातला कप खाली ठेवून वडिलांसमोर उभी राहिली होती.

"यांनी घरी ते चाक तीनदा मोजलंय, मी टेप धरला होता," ती म्हणाली. "पैशाने मागे असतील, पण मापाला हा माणूस चुकायचा नाही. अख्ख्या गावात कुणालाही विचारा."

डॉक्टर मान हलवत होता, अगदी मनापासून. सासऱ्यांनी चष्मा काढला आणि ते थोरल्या जावयाकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी त्याच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

"खरंय तिचं," शेवटी ते म्हणाले. "मग चूक कुठे आहे? सांगा बघू."

बायकोही त्याच्याकडेच बघत होती, आता हे सांगतील अशा खात्रीने.

काटेवाल्याने चहाचा कप उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"माझाच चुकत असेल," तो म्हणाला.